लांबलेली साथ, जगभरची सरकारं आणि कोगनोळीचा नाका

प्रश्न दोन भागांत आला आहे. एक, साथ दोन-चार महिन्यांत न संपता वर्ष-दोन वर्षं लांबली की जगभरची सरकारं नक्की काय करतात? दोन, कोरोनाच्या साथीत निपाणीजवळच्या, महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांचे आरटीपीसीआर रिपोर्ट तपासून कर्नाटकाला खरंच काही मिळालं का? विचारणारा तरुण निपाणीकडचा आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पहिला भाग त्याला परीक्षेसाठी हवा आहे. दुसऱ्यात राग आहे, तो लपत नाही. माझी नोकरी कर्नाटकाच्या आरोग्य खात्यात, रोगसर्वेक्षणाच्या कामात, बेळगाव जिल्ह्यातच झाली. त्यामुळे दुसऱ्या भागावर जरा ऐसपैस लिहितो.

थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. सरकारने किती कडक नियम केले यापेक्षा ते नियम साध्या माणसाला महिनोन्‌महिने पाळायला परवडले का, यावर लांबलेल्या साथीत जास्त ठरलं. आणि नाक्याबद्दल म्हणाल तर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो बसवायला आधार होता. एप्रिलनंतर त्यातलं फारसं काही उरलं नाही.

आता सविस्तर. साथीत सरकारच्या हाती साधनं मोजकीच असतात. माणसांच्या गाठीभेटी कमी करायच्या, आजारी आणि संशयित शोधून वेगळे ठेवायचे, हद्दीवर अडवायचं, दवाखान्यांची ताकद वाढवायची, लोकांच्या पोटापाण्याचं बघायचं आणि लस किंवा औषध येईपर्यंत वेळ काढायचा. १८९६ च्या मुंबईच्या प्लेगात हेच केलं आणि २०२० मध्येही हेच. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या एका गटाने २०२० पासून देशोदेशीच्या निर्बंधांची कडकाई शून्य ते शंभर अशा मापाने मोजली. मार्चअखेर भारताचा आकडा पूर्ण शंभर होता. मात्र कडकाईच्या आकड्यासमोर मृत्यूंचा आकडा मांडत गेलात तर जोडी जुळत नाही.

पेरूचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्या फार जवळचं आहे. लॅटिन अमेरिकेत सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक टाळेबंदी लावणाऱ्यांत पेरू होता, मार्च २०२० च्या मध्यालाच. मे २०२१ अखेर त्यांच्या सरकारने मृत्यूंची फेरमोजणी जाहीर केली तेव्हा आकडा सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर गेला. लोकसंख्येच्या प्रमाणात तो जगात सर्वाधिक होता. का? बहुसंख्य लोक रोजंदारीवर. निम्म्याच्या आसपास घरांत फ्रिज नाही, म्हणजे बाजारात रोज जाणं आलंच. सरकारने मदतीचे पैसे दिले, पण अनेकांकडे बँक खातंच नव्हतं; ते पैसे काढायला बँकांसमोर रांगा लागल्या आणि त्या रांगांत लागण झाली. नियम कागदावर शंभर टक्के, घराच्या उंबऱ्यावर शून्य. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईला किंवा बेळगावच्या वडगाव-शहापूरमधल्या मागवाल्याला हे समजवायला ऑक्सफर्ड लागत नाही.

देशांची धोरणं ढोबळमानाने तीन वाटांनी गेली. विषाणू देशात शिल्लकच ठेवायचा नाही, ही पहिली वाट चीन आणि न्यूझीलंडची. दुसरी वाट त्याला सतत दाबून ठेवायची, ती दक्षिण कोरिया, तैवान, जपानची. तिसऱ्या वाटेवरच्यांनी तो पसरणार हे धरून दवाखाने कोलमडू द्यायचे नाहीत एवढंच बघितलं. स्वीडनचं नाव तिथे घेतात. परीक्षेत असं लिहिलंत तर मार्क मिळतील. प्रत्यक्षात बहुतेक देश या तिन्ही वाटांवर आलटून पालटून चालले, आणि आपण कोणत्या वाटेवर आहोत हे लोकांना सांगायलाही विसरले.

न्यूझीलंडने एक गोष्ट चांगली केली. निर्बंधांच्या चार पायऱ्यांचा तक्ता त्यांनी २१ मार्च २०२० ला लोकांपुढे ठेवला आणि सगळ्यात कडक पायरी २५ मार्चच्या रात्री लागू केली. दुकानदाराला, शिक्षकाला, बाळंतपण जवळ आलेल्या घराला आपण कुठल्या पायरीवर आहोत आणि पुढची कोणती हे कळत होतं. त्याच सुमारास आपल्याकडे २४ मार्चला रात्री आठ वाजता भाषण झालं आणि बारा वाजता देश बंद. ऊसतोडीसाठी बीडकडून आलेल्या टोळ्या कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात होत्या तिथेच अडकल्या. महाराष्ट्र सरकारने त्यांना घरी सोडायची परवानगी दिली ती एप्रिलच्या मध्याला. न्यूझीलंड म्हणजे पन्नास लाख वस्तीचं बेट, त्याची आपली बरोबरी नाही, हे खरं. पण चार दिवस आधी तक्ता छापायला बेट असावं लागत नाही. पुढे विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आल्यावर ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनीही शून्य रुग्णांचा हट्ट सोडला. सोडताना लसीकरण पुढे गेलेलं होतं, हे महत्त्वाचं.

चीनने तो हट्ट आणखी वर्षभर धरला. वुहान २३ जानेवारी ते ८ एप्रिल २०२० बंद होतं, तेव्हा जगाने तोंडात बोटं घातली. मग २०२२ मध्ये शांघायसारखं शहर दोन महिने बंद ठेवलं, नोव्हेंबरमध्ये टाळेबंदीतल्या उरुमची शहरात इमारतीला लागलेल्या आगीनंतर लोक कोरे कागद हातात धरून रस्त्यावर आले आणि ७ डिसेंबरला बहुतेक निर्बंध एका झटक्यात उठले. तोपर्यंत ऐंशीच्या पुढच्या कितीतरी म्हाताऱ्यांना पुरेसे डोस मिळाले नव्हते. तीन वर्षं दार लावून बसायची ताकद असलेल्या सरकारने त्या काळात दार उघडायची तयारी केली नाही. लांबलेल्या साथीतली सगळ्यात महागडी चूक मला हीच वाटते.

कोरियाची गोष्ट आधीच्या साथीपासून सुरू होते. २०१५ मध्ये मर्स या श्वसनाच्या रोगाच्या साथीत तिथे १८६ रुग्ण सापडले, ३८ दगावले. आकडा लहान, पण सरकारची अब्रू गेली. त्यानंतर कायदे बदलले: साथीत चाचणीच्या किटला तातडीने मंजुरी देता येईल, रुग्णाच्या फिरण्याची माहिती मिळवता येईल. म्हणून फेब्रुवारी २०२० च्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडे मंजूर किट होतं आणि देशभर टाळेबंदी लावायची वेळ आली नाही. जपानकडे सक्तीचा कायदाच नव्हता. त्यांनी बंद जागा, गर्दी आणि जवळून बोलणं या तीन गोष्टी टाळा एवढंच लोकांच्या डोक्यात बसवलं. स्वीडनवर इकडे फार वाद होतो. तिथे काहीच नव्हतं असं म्हणणारे चुकतात: मार्च २०२० अखेरपासून पन्नासहून जास्त लोकांना जमायला बंदी होती, नोव्हेंबरमध्ये ती मर्यादा आठवर आणली. शाळा सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी चालूच राहिल्या. वृद्धाश्रमांत पहिल्या लाटेत फार माणसं गेली, त्यांच्याच चौकशी आयोगाने सरकारला त्यासाठी धारेवर धरलं. तरी तीन वर्षांचा हिशेब केला तर नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंत स्वीडन युरोपात खालच्या रांगेत आहे. आजारी पडल्यावर पगारी रजा, एकट्याने राहणारी घरं, सरकारवर विश्वास, हे सगळं तिथे आधीपासून होतं. ते उचलून खानापूर तालुक्यात आणता येत नाही.

आता कायद्याकडे येतो, कारण इथे आपल्या भागाचा जुना संबंध आहे. भारताने २०२० मध्ये दोन कायदे वापरले: २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा. दुसरा तर मूळचा चार कलमांचा, मुंबईच्या प्लेगासाठी घाईत केलेला. तेव्हा बेळगाव, धारवाड मुंबई इलाख्यातच होते. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरांत घुसून झडत्या घेतल्या, देवघरापर्यंत गेले आणि २२ जून १८९७ ला रँडवर गोळी चालली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. साथ मात्र संपली नाही, ती पुढे कितीतरी वर्षं चालली आणि हिंदुस्थानात तिने सुमारे १ कोटी २० लाख माणसं नेली. साथरोगवाल्याला रस आहे तो पुढच्या भागात. एक-दोन वर्षांतच इंग्रज सरकारला कळलं की सक्तीने लोक मृतदेह लपवतात, आजारी माणूस रातोरात दुसऱ्या गावी हलवतात. मग झडत्या सैल झाल्या आणि भर लशीवर आला. हाफकिनची प्लेगची लस १८९८ मध्ये आपल्या शेजारी हुबळीत मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. आणि गावं रिकामी करून माळावर झोपड्या बांधून राहायचा उपाय लोकांनी बराचसा आपणहून स्वीकारला, कारण त्यात घरची माणसं एकत्र राहत होती, गुरं जवळ होती, शेत दिसत होतं. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी प्लेगाच्या झोपड्यांच्या गोष्टी होत्या, पण एकाही गोष्टीत कायद्याचं नाव नव्हतं.

२०२० मध्ये तोच कायदा कपाटातून निघाला. कर्नाटकाने मार्चमध्येच त्याखाली नियम काढले. देशातला कोरोनाचा पहिला मृत्यू आपल्याच राज्यात, कलबुर्गीत झाला होता, त्यामुळे ती घाई समजण्यासारखी होती. नंतर राज्याने स्वतःचा नवा साथरोग कायदाही केला. पण १८९७ च्या कायद्यात सरकारला अधिकार किती हे आहे. घरात कोंडलेल्या माणसाला सरकारने काय द्यायचं याबद्दल एक ओळ नाही.

हे देणं-घेणं दुसरीकडे कसं झालं? तैवानने विलगीकरणात राहणाऱ्याला दिवसाला हजार तैवानी डॉलर दिले. ब्रिटनने काम बंद पडलेल्यांचा ८० टक्के पगार, महिना अडीच हजार पौंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून भरला. जर्मनीत कमी तासांच्या कामाची जुनी योजना होती, ती वाढवली. ब्राझीलचे अध्यक्ष साथीला किरकोळ ताप म्हणत होते, तरी त्यांच्या संसदेने गरिबांसाठी महिना ६०० रियालची मदत मंजूर करून घेतली. आपल्याकडे माणशी पाच किलो धान्य, जनधन खात्यातल्या बायकांना तीन महिने पाचशे रुपये, रोजगार हमीला ४० हजार कोटींची वाढ. कर्नाटकाने मे २०२० मध्ये न्हावी, परीट, रिक्षा-टॅक्सीवाले यांना पाच-पाच हजार जाहीर केले. धान्याने भूक भागली, हे मी गावोगाव पाहिलं आहे आणि त्याला कमी लेखणार नाही. रोख रकमेचं मात्र यादीत नाव असेल तरच. सीमाभागात एक गोष्ट चांगली होती जिच्याबद्दल कुणी बोलत नाही: देशभर एकच रेशनकार्ड चालवायच्या योजनेत जानेवारी २०२० पासून पहिल्या बारा राज्यांत कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा तिन्ही होते. पलीकडचं कार्ड इकडच्या दुकानात चालायला हवं होतं. किती दुकानदारांनी ते चालवलं, ते तुमच्या गल्लीत विचारा.

आता नाका.

बेळगाव जिल्हा नकाशात एका राज्यात आहे, पण जगतो तीन राज्यांत. महाराष्ट्रातल्या चंदगडची बाळंतपणं बेळगावात होतात. अथणी-कागवाडचा छातीत दुखणारा माणूस बेळगावकडे न जाता मिरज गाठतो, कारण ते जवळ आहे आणि तिथे शंभर वर्षांहून जुनी वैद्यकीय परंपरा आहे. निपाणीची पोरं हद्दीपलीकडे कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, बेळगावची शिनोळीत. गोव्याची भाजी आणि दूध चोर्ला आणि अनमोडच्या घाटातून उतरतं. मार्च २०२० मध्ये हे सगळे रस्ते एकाच आठवड्यात बंद झाले. राज्यांनी तर बंद केलेच, गावांनीही वेशीवर काटेरी फांद्या टाकल्या, जेसीबीने चर मारले. मग मे २०२० मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना काही काळ प्रवेशच थांबवला. सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज, मंजुरी, आणि आल्यावर शाळेत किंवा वसतिगृहात सरकारी क्वारंटाईन. मुंबई-पुण्याहून परतणारे बहुतेक आपलेच होते, इथल्याच गावांत घर आणि सातबारा असलेले. नोटिसा कन्नडमध्ये निघायच्या, मराठी गावांत त्यांचा अर्थ व्हॉट्सॲपवर फिरायचा आणि तिसऱ्या माणसापर्यंत पोचेतो सात दिवसांचे चौदा झालेले असायचे. आशाताई घरोघरी जाऊन तोंडी सांगत, तोच खरा जीआर.

राज्यहद्द बंद करणारे आपणच नव्हतो. ऑस्ट्रेलियात ८ जुलै २०२० ला न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया यांची हद्द बंद झाली, १९१९ च्या इन्फ्लुएंझानंतर पहिल्यांदा. त्या हद्दीवर मरे नदीच्या दोन काठांना ऑल्बरी आणि वडोंगा अशी जोडशहरं आहेत. सुरुवातीला पुलावर तासन्‌तास रांगा लागल्या, अगदी कोगनोळीसारख्या. मग सीमेलगतच्या रहिवाशांसाठी वेगळा परवाना काढला, ठरलेल्या पट्ट्यात कामाला, दवाखान्याला, शाळेला ये-जा करायची मुभा दिली. या दोन शहरांचे दवाखाने २००९ पासूनच एका संस्थेखाली चालतात, त्यामुळे रुग्ण कुणाचा हा प्रश्न उठला नाही. सगळं सुरळीत झालं असं नाही, नियम बदलत राहिले आणि लोक वैतागले. पण सीमेवर राहणारा माणूस प्रवासी नसतो, हे सरकारने निदान मान्य केलं.

युरोपियन आयोगाने २३ मार्च २०२० ला मालवाहतुकीसाठी हिरव्या मार्गिका सुचवल्या. ट्रकला सीमा ओलांडायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत हे उद्दिष्ट लिहूनच दिलं. त्याच आठवड्यात गोव्यात भाजीचा खडखडाट होता आणि बेळगावच्या बाजारात कोबी सडत होता. माल अडवायचा नाही हे आपल्याकडेही आदेशात होतं, पण किती मिनिटांत सोडायचा हे कुठेच नव्हतं. त्यामुळे नाक्यावरच्या हवालदाराला जसं वाटेल तसं.

आणि कर्नाटकाची दुसरी हद्द बघा. मार्च २०२० मध्ये केरळच्या कासरगोडहून मंगळुरूला जाणाऱ्या रस्त्यांवर कर्नाटकाने मातीचे ढिगारे टाकले. कासरगोडचे रुग्ण वर्षानुवर्षं मंगळुरूच्या दवाखान्यांवर अवलंबून होते, ते अडकले, काही दगावले. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिलला रस्ते मोकळे करायला सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि आठवड्याभरात तलपाडीच्या नाक्यावर रुग्णांसाठी ठरलेली पद्धत बसली. आपल्या उत्तर हद्दीवर अशी पद्धत लिखित स्वरूपात बसायला हवी होती. ती फोनवरच्या ओळखींवर चालली.

आता थेट तुमच्या प्रश्नाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रात अमरावतीकडून रुग्ण वाढायला लागले. ज्याला पुढे डेल्टा नाव मिळालं तो प्रकार तिकडेच आधी सापडला होता. कर्नाटकात तेव्हा शांतता होती. महाराष्ट्र आणि केरळातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट हवा, हा नियम तेव्हा निघाला. वैद्यकशास्त्राच्या बाजूने बघितलं तर प्रवेशावरची तपासणी तीन अटी पुऱ्या झाल्या तर कामाची: आत लागण जवळजवळ नसावी, येणारे थोडे असावेत आणि आल्यावर खरं विलगीकरण असावं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने या तीनही अटी सांभाळल्या आणि मार्च २०२२ पर्यंत हद्द बंद ठेवून वेळ मिळवला, त्या वेळात लोकांना लस दिली. कोगनोळीत फेब्रुवारीला पहिली अट कशीबशी होती, दुसरी-तिसरी कधीच नव्हती. तीन दिवसांपूर्वीचा रिपोर्ट घेऊन आलेला माणूस कालच लागण झालेला असू शकतो. शिवाय महामार्गावर नाका आणि बाजूच्या पाणंदी मोकळ्या. रेल्वे आणि विमानं बंगळुरूला जातच होती.

आकडे बघा. महाराष्ट्रात दिवसाच्या नव्या रुग्णांचा कळस १८ एप्रिलला, ६८,६३१. कर्नाटकात ५ मेला, ५०,११२. मधे अडीच आठवडे. नाक्याचे समर्थक म्हणतील हा वेळ आम्ही मिळवून दिला. समजा दिला, तर त्या वेळाचं काय केलं हे विचारायला हवं. १४ एप्रिलच्या रात्रीपासून महाराष्ट्रात कडक निर्बंध लागले. १७ एप्रिलला बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली. खासदार सुरेश अंगडी सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनानेच गेले होते, त्यांच्या जागेसाठी. सभा झाल्या, मिरवणुका झाल्या, सगळ्या पक्षांच्या झाल्या, मराठी उमेदवाराच्याही. त्याच दिवशी पलीकडे पंढरपूर-मंगळवेढ्यालाही पोटनिवडणूक होती, म्हणजे महाराष्ट्रानेही फार शहाणपणा केला नाही. कर्नाटकाने टाळेबंदी लावली ती २७ एप्रिलला. मेमध्ये प्राणवायूचा प्रश्न इतका पेटला की उच्च न्यायालयाला केंद्राला सांगावं लागलं की कर्नाटकाला दिवसाला १,२०० टन द्या. तोरणगल्लूचा पोलाद कारखाना आपल्याच राज्यात द्रव प्राणवायू बनवत होता तरीही. नाक्यावर कमावलेला वेळ सभांत गेला.

दोन्ही बाजूंना लागण सारखीच पसरल्यावर रिपोर्ट तपासत बसणं म्हणजे पोलीस आणि आरोग्य कर्मचारी वाया घालवणं. त्याच हातांना मे २०२१ मध्ये गावात ऑक्सिमीटर घेऊन फिरायचं काम होतं. शिवाय रिपोर्टचा खर्च. महाराष्ट्राने मार्चअखेर खासगी प्रयोगशाळेतला दर पाचशे रुपयांवर आणला होता. रोज नाका ओलांडणाऱ्या कामगाराने दर तीन दिवसांनी पाचशे भरायचे, हा नियम कोण पाळणार? खोटे रिपोर्ट निघाले यात मला नवल वाटलं नाही. त्यामुळे तुमचा राग एप्रिलनंतरच्या नाक्यावर असेल तर माझी हरकत नाही. पण त्याला भाषेचा रंग देऊ नका. केरळच्या माणसाला हाच नियम होता, आणि कोल्हापूर-सांगलीनेही पहिल्या लाटेत आपल्याकडच्यांना अडवलं होतं. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो त्याच्या गतीने चालेल. रुग्णवाहिकेची वाट त्याच्यामागे अडकवायची गरज नाही.

शाळांचं थोडक्यात सांगतो, कारण हा घाव अजून भरलेला नाही. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्येच लहान मुलांचे वर्ग उघडले. युगांडाने जवळपास दोन वर्षं शाळा बंद ठेवल्या, जानेवारी २०२२ मध्ये उघडल्या. आपण युगांडाच्या जवळ राहिलो. कर्नाटकाने विद्यागम नावाने शिक्षकांना गल्लीत, देवळाच्या ओट्यावर शिकवायला पाठवलं, ते चांगलं चाललं होतं, ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवलं. मराठी माध्यमाच्या पोरांची तर वेगळीच गत. दूरदर्शनच्या चंदना वाहिनीवर धडे होते पण मराठीत नव्हते. सह्याद्रीवर मराठीत होते, पण पुस्तक बालभारतीचं, यांच्या दप्तरातलं नव्हे. दोन राज्यांत मिळून त्यांच्यासाठी एकही तास नव्हता.

लांबलेल्या साथीत आणखी एक गोष्ट झिजते, ती म्हणजे काम करणारी माणसं. जुलै २०२० मध्ये कर्नाटकातल्या सुमारे ४२ हजार आशा कार्यकर्त्या संपावर गेल्या. मागणी होती महिना बारा हजार मानधनाची. टाळ्या-थाळ्या मार्चमध्येच वाजवून झाल्या होत्या. जगात परिचारिकांनी नोकऱ्या सोडल्या, ब्रिटनमध्ये २०२२ अखेर त्या संपावर गेल्या. सरकारं खाटा आणि व्हेंटिलेटर मोजत होती. ते चालवणाऱ्या माणसाची रजा कुणी मोजली नाही.

बाहेर पडायचं कसं, यात डेन्मार्क मला सगळ्यात सरळ वाटला. कोविड हा समाजाला धोकादायक रोग असल्याचा कायदेशीर शिक्का त्यांनी ठरावीक मुदतीचा ठेवला होता, मुदत संपताना प्रश्न संसदेच्या समितीपुढे. १ फेब्रुवारी २०२२ ला तो काढला, निर्बंध गेले. आपल्याकडे नियम कधी मावळले हे कुणाला नीट सांगता येणार नाही. रुग्ण सापडलेली गल्ली बंद करायला लावलेले सीलडाऊनचे पत्रे काही ठिकाणी नंतरही पडून होते. लसीकरणात मात्र आपण मागे नव्हतो. १६ जानेवारी २०२१ ला सुरुवात, २१ ऑक्टोबरला शंभर कोटी डोस. कोव्हॅक्सिनच्या सुरुवातीच्या चाचण्या घेणाऱ्या केंद्रांत बेळगावचंही एक रुग्णालय होतं. आणि कोविनवर लस घेणाऱ्याचा पत्ता कुठल्या राज्याचा ही अट नव्हती. हद्दीपलीकडचा माणूस हा आपलाच माणूस धरून आखलेली साथीतली ही जवळजवळ एकच सरकारी व्यवस्था, आणि ती चालली.

पुढच्या वेळेसाठी मी काय मागेन? पाच कलमांचा एक करार, कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर गोवा या जिल्ह्यांत, साथ नसताना सही केलेला. सीमेपासून ठरावीक अंतरातल्या गावांना एकच पास. रुग्णाला कागद न विचारता वाट. मालाला मिनिटांची मर्यादा. सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत, त्याच दिवशी. आणि पाचवं, जे बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल: दोन्हीकडच्या जिल्हा सर्वेक्षण विभागांनी रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांची यादी थेट एकमेकांना द्यायची, बंगळुरू-मुंबईचा फेरा न मारता. गडहिंग्लजमधला संपर्क बेळगावात सापडला आणि ते पत्र वर जाऊन खाली येईतो त्याच्या घरातले सगळे आजारी, हे व्हायला नको.

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ३१ व्या कलमाने प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती आराखडा करावा लागतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यावा लागतो. परीक्षेच्या अभ्यासातून वेळ काढून बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही जिल्ह्यांचे आराखडे मिळवा. संकेतस्थळावर नसतील तर माहिती अधिकारात मागा. मग पलीकडच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांचे फोन नंबर त्यात आहेत का, तेवढं पान उघडून बघा.